प्रकाशतंतूंचे संशोधन आणि प्रकाशनाचा बाजार

मुंबई शहर आणि अंधेरी येथील दूरध्वनी केंद्रांच्या दरम्यान १९७५ साली 'पल्स कोड मॉड्युलेशन' पद्धतीची देशातील पहिली यंत्रणा सुरू झाली. बोलणाऱ्याच्या आवाजाचे सेकंदाला आठ हजार वेळा माप घ्यायचे, प्रत्येक मापाचे शून्य आणि एक या दोन चिन्हांत रूपांतर करायचे आणि तारेवरून आवाजाऐवजी ही चिन्हेच धाडायची, अशी ही रीत. त्यानंतर चार वर्षांनी, १९७९ मध्ये, पुण्याच्या स्थानिक केंद्रांना जोडणारी देशातील पहिली प्रकाशतंतू यंत्रणा कार्यान्वित झाली. आज समुद्रतळावरून येणाऱ्या प्रकाशतंतूंच्या केबली वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जमिनीवर चढतात आणि देशाचा परदेशांशी चालणारा फार मोठा व्यवहार मुंबईच्या किनारपट्टीवरून होतो. अंधेरीच्या त्या केंद्रापासून वर्सोव्याचा किनारा हाकेच्या अंतरावर आहे. मध्ये गेलेला काळ पन्नास वर्षांचा आहे.

या दोन टोकांना जोडणारा एक धागा सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पल्स कोड मॉड्युलेशनची कल्पना अलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याची. पॅरिसमधील एका कंपनीच्या प्रयोगशाळेत असताना १९३८ साली त्याने तिचे फ्रेंच पेटंट घेतले. त्या काळी निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या यंत्रांत ही रीत परवडणारी नव्हती. ती व्यवहारात रुळेपर्यंत पेटंटची मुदत संपून गेली आणि शोधकाच्या किंवा त्याच्या कंपनीच्या पदरात म्हणण्यासारखे काही पडले नाही. हाच रीव्ह्ज पुढे इंग्लंडमधील हार्लो येथील 'स्टँडर्ड टेलिकम्युनिकेशन लॅबोरेटरीज'मध्ये संशोधनाची दिशा ठरविणाऱ्यांपैकी एक होता आणि तिथेच चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम या दोघा तरुणांनी काचेच्या तंतूतून संदेश धाडता येईल काय, या प्रश्नाला हात घातला. जुलै १९६६ मध्ये त्यांचा निबंध लंडनच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला. काओ यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते मुख्यतः या कामासाठी.

या निबंधात नवे यंत्र नव्हते, नवा पदार्थही नव्हता. होता तो एक युक्तिवाद आणि त्याला आधार देणारी मोजमापे. तत्कालीन उत्तम काचेतूनही प्रकाश किलोमीटरमागे सुमारे एक हजार डेसिबल क्षीण होत असे. म्हणजे व्यवहारतः पलीकडे काहीच पोहोचत नसे. काओ व हॉकहॅम यांचे म्हणणे असे की हा दोष काचेच्या स्वभावातला नाही, तिच्यातील लोहासारख्या अशुद्धांचा आहे. त्या काढून टाकल्या तर क्षीणता वीस डेसिबलपर्यंत उतरेल आणि तेवढे झाले तरी दूरध्वनीचे काम भागेल. वीस डेसिबल म्हणजे शंभर भागांपैकी एक भाग शिल्लक राहणे. चार वर्षांनी अमेरिकेतील कॉर्निंग या काच कंपनीच्या मॉरर, केक व शुल्झ यांनी सतरा डेसिबलचा तंतू ओढून दाखविला. १९७९ पर्यंत जपानी संशोधकांनी हा आकडा ०.२ वर आणला. काओ यांनी एका किलोमीटरला जेवढी क्षीणता सोसण्याची तयारी ठेवली होती, तेवढीच आता शंभर किलोमीटरना होऊ लागली. मुंबई-पुणे लोहमार्गाच्या निम्म्याहून जास्त अंतर तुटले तरी तेवढीच.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या इतिहासातील उद्बोधक भाग निराळाच आहे. कॉर्निंगने आधी पेटंटचे अर्ज दाखल केले आणि मग निष्कर्ष जाहीर केले. त्या पेटंटांच्या बळावर पुढे जपानच्या सुमितोमो कंपनीविरुद्ध अमेरिकन न्यायालयात १९८७ साली निकालही मिळविला. काओ-हॉकहॅम यांचा निबंध मात्र ज्याच्या हाती पडेल त्याचा होता. ब्रिटिश टपाल खात्याने तो वाचला, जपानी प्रयोगशाळांनी वाचला. कॉर्निंगच्या कामाची प्रेरणाही याच चर्चेतून आली. पेटंट हा समाजाने जाणूनबुजून केलेला सौदा आहे: शोधकाने गुपित उघड करावे, त्याबदल्यात ठराविक वर्षे मक्तेदारी भोगावी. निबंध हा दुसरा सौदा. त्यात लेखकाला श्रेय मिळते आणि जगाला ज्ञान. या दोन्ही सौद्यांच्या अटी वाजवी की गैरवाजवी, यावर वाद घालता येतो, कारण त्या अटी लिहिलेल्या आहेत. परंतु गेल्या काही दशकांत तिसराच सौदा या दोहोंवर येऊन बसला आहे आणि त्याच्या अटी कोणत्याही संसदेने ठरविलेल्या नाहीत. निबंध ज्या नियतकालिकात छापला जातो ते नियतकालिक हीच एक मालमत्ता झाली आहे.

कोठे छापले यावर श्रेय

संशोधन कोठे प्रसिद्ध झाले यावर त्याचे भवितव्य किती अवलंबून असते, याची उदाहरणे प्रकाशतंतूंच्या इतिहासातच सापडतात. हॉलंडच्या अब्राहम फान हील यांनी काचतंतूवर कमी अपवर्तनांकाचे वेष्टन चढविले तर प्रकाश बाहेर गळत नाही, ही कल्पना राबवून पाहिली आणि जून १९५३ मध्ये 'डी इंजेनिअर' या डच साप्ताहिकात ती प्रसिद्धही केली. 'नेचर'कडे पाठविलेले त्यांचे टिपण मात्र लांबले आणि २ जानेवारी १९५४ च्या अंकात छापून आले, ते लंडनच्या हॉपकिन्स व मूळचे पंजाबचे नरिंदरसिंग कपानी यांच्या निबंधाच्या सोबतीने. कपानी यांचे तंतू वेष्टनाविना होते. तरीही पुढे जगाने प्रामुख्याने वाचला तो तोच निबंध आणि 'फायबर ऑप्टिक्स' हा शब्द रूढ करण्याचे श्रेयही कपानी यांच्याकडे गेले. कपानी यांची योग्यता यामुळे कमी होत नाही. भारत सरकारने त्यांना २०२१ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण दिले ते उचितच होते. मात्र आजचा प्रत्येक दळणवळण-तंतू फान हील यांच्या वेष्टनाच्या तत्त्वावर चालतो आणि ती कल्पना आधी एका छोट्या भाषेतील साप्ताहिकात पडून होती.

दुसरे उदाहरण मराठी वाचकाला अधिक जवळचे आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी १९४३ साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत होते. त्या वर्षी 'जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी'मध्ये त्यांनी एक निबंध लिहिला. यदृच्छेने बदलणाऱ्या राशीचे परस्परनिरपेक्ष घटकांत पृथक्करण कसे करावे, याची रीत त्यात होती. फिनलंडचे कारहुनेन यांनी १९४७ मध्ये आणि फ्रान्सचे लोएव्ह यांनी १९४८ मध्ये स्वतंत्रपणे तीच रीत मांडली. संदेशवहनाच्या शास्त्राने ती उचलली; प्रकाशतंतूच्या दुसऱ्या टोकाला येणाऱ्या संदेशात गोंगाटामुळे चुका किती होतील, याचे गणित करतानाही ती वापरतात. तिला नाव पडले कारहुनेन-लोएव्ह विस्तार. कोसंबींचे नाव आधी जोडण्याची प्रथा काही लेखकांनी सुरू केली ती बऱ्याच उशिरा. युद्धकाळात भारतीय नियतकालिके परदेशी किती पोहोचत होती, हा मुद्दा रास्त आहे. पण युद्ध संपल्यानंतरही ते अंक कोणी चाळले नाहीत, हेही तितकेच खरे.

याच कोसंबींनी १९५९ मध्ये रीमानच्या प्रसिद्ध गृहीतकाची सिद्धता म्हणून जो लेख लिहिला, तो कृषी-सांख्यिकीच्या नियतकालिकात छापला गेला. त्या विषयाची पारख असलेला परीक्षक तेथे असण्याचा संभव नव्हता आणि ती सिद्धता टिकलीही नाही. एकाच विद्वानाचा खरा शोध अपरिचित नियतकालिकात हरवला आणि फसलेला शोध परीक्षणाअभावी छापला गेला. नियतकालिकाची प्रतिष्ठा हा नुसता पोकळ मानपान नव्हे, हे यावरून दिसते. कोणत्या निबंधावर वेळ खर्च करावा, हे वाचकाला सांगणारी ती खूण आहे. खूण दुर्मिळ असते म्हणून तिला किंमत येते, आणि किंमत आली की ती वसूल करणाराही येतो.

एकाच मालाचे तीनदा पैसे

प्रकाशतंतू-दळणवळणाच्या क्षेत्रात ही खूण मोजक्याच ठिकाणी मिळते. १९८३ मध्ये सुरू झालेले 'जर्नल ऑफ लाइटवेव्ह टेक्नॉलॉजी', त्यानंतरचे 'फोटॉनिक्स टेक्नॉलॉजी लेटर्स', १९९७ पासूनचे 'ऑप्टिक्स एक्स्प्रेस' आणि १९७५ पासून भरणाऱ्या दोन परिषदा, एक अमेरिकेत आणि एक युरोपात. या परिषदांत अखेरच्या दिवशी मुदतीनंतर आलेले निबंध वाचण्याचा रिवाज आहे. ऐन वेळेपर्यंत प्रयोगशाळेत जागून काढलेला विक्रमी आकडा तेथे मांडायचा, अशी या मंडळींची शर्यत असते. ती पाहण्यासारखी असेल, पण भारतीय विद्यार्थ्याला त्यासाठी विमानाचे भाडे, परिषदेचे शुल्क आणि वेळेवर मिळालेला व्हिसा या तिन्ही गोष्टी जुळून याव्या लागतात.

हे सगळे प्रकाशक नफेखोर आहेत असे मुळीच नाही. वर उल्लेखिलेली नियतकालिके अभियंत्यांच्या आणि भौतिकशास्त्रज्ञांच्या संस्था चालवितात. खासगी प्रकाशनगृहांच्या तुलनेत त्यांचे दर सौम्यच म्हणावे लागतील. तरीही व्यवहाराची घडण सर्वत्र सारखी आहे. प्रयोगशाळेचा आणि पगाराचा खर्च बहुधा सरकार करते. निबंध लिहिणारा मोबदला घेत नाही, उलट स्वामित्वहक्क प्रकाशकाच्या नावे करून देतो. निबंध तपासणारा परीक्षक दुसऱ्या एखाद्या विद्यापीठाच्या पगारावर असतो आणि तपासणी फुकट करतो. त्यानंतर त्याच विद्यापीठाचे ग्रंथालय तो निबंध वर्गणी भरून विकत घेते. कापूसही शेतकऱ्याचा, सूतही शेतकऱ्याने काततलेले आणि बाजारात धोतर मात्र शेतकऱ्यानेच पुन्हा विकत घ्यायचे, असा हा प्रकार आहे.

निबंध सर्वांना मोफत वाचता यावा यासाठी निघालेला 'मुक्त प्रवेशा'चा मार्ग या घडणीला पर्याय ठरेल, अशी आशा होती. तो मार्ग खुला झाला, परंतु पथकराचे नाके वाचकाच्या दारातून उचलून लेखकाच्या दारात बसविण्यात आले. आय. ई. ई. ई. सारख्या संस्थेच्या नियतकालिकात निबंध सर्वांना खुला करावयाचा तर लेखकाला दोन हजार डॉलरांहून अधिक शुल्क द्यावे लागते. रुपयांत ही रक्कम दीड लाखाच्या पुढे जाते. अमेरिकेतील प्राध्यापकाच्या अनुदानात ती खपून जाते. आपल्याकडे संशोधन-विद्यार्थ्याची कित्येक महिन्यांची शिष्यवृत्ती तेवढी होते. शुल्क न भरता वर्गणीदारांपुरता निबंध छापण्याची सोय आहे, पण मग तो वाचायला वर्गणीदार व्हावे लागते आणि चक्र पुन्हा मूळ जागी येते.

सहा हजार कोटींचा हिशेब

या पार्श्वभूमीवर केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेल्या 'एक राष्ट्र, एक वर्गणी' या योजनेचे मोल मान्य करायला हवे. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपयांची तरतूद. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके. केंद्र व राज्य सरकारांच्या ६,३०० हून अधिक संस्था. आणि एक कोटी ऐंशी लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक, असा तिचा आवाका आहे. वर्षाला दोन हजार कोटी धरले तर माणशी सुमारे १,१०० रुपये आणि संस्थेमागे साधारण बत्तीस लाख रुपये पडतात. पूर्वी प्रत्येक ग्रंथालय स्वतंत्रपणे घासाघीस करीत असे. आता देश एक गिऱ्हाईक म्हणून समोर उभा आहे. एकच विक्रेता असलेल्या बाजारात खरेदीदारांनी एकत्र येणे, हा अर्थशास्त्राने सुचविलेला जुनाच उपाय आहे.

सरासरी मात्र नेहमीच थोडी लबाड असते. तालुक्याच्या शासकीय कला महाविद्यालयात 'लाइटवेव्ह टेक्नॉलॉजी'चा अंक कोणी उघडणार नाही, पण माणशी खर्चात त्याचीही मोजणी झालेली आहे. याउलट ज्यांना तो अंक हवा आहे, त्यांपैकी अनेकजण मोजणीबाहेर राहिले आहेत. मुंबईच्या उपनगरांत हे ठळकपणे दिसते. पवईची आय. आय. टी. १९५८ मध्ये स्थापन झालेली, केंद्र सरकारची. ती योजनेत आहे. तिच्याच आवारात १९८४ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या सूक्ष्मतरंग गटातून उभी राहिलेली 'समीर' ही संस्थाही सरकारीच. परंतु विलेपार्ल्यापासून कांदिवलीपर्यंत आणि विद्याविहारपासून मुलुंड-ठाण्यापर्यंत जी अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, त्यांतील बहुतेक खासगी आणि विनाअनुदानित आहेत. योजनेच्या पहिल्या टप्प्यात त्यांना स्थान नाही. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेला प्रकाशीय दळणवळण हा विषय घेऊन बसणाऱ्या मुलांपैकी बहुसंख्य याच महाविद्यालयांतले. अंधेरीहून पवईला जाणारी बस वीस-पंचवीस मिनिटांत, वाहतूक तुंबली तर तासाभरात, तेथे पोहोचवते. निबंधांच्या बाबतीत मात्र मध्ये भिंत आहे.

या भिंतीचे अर्थशास्त्र तपासून पाहण्यासारखे आहे. विद्युत-रूपात साठविलेला निबंध आणखी एका वाचकाने वाचला तर प्रकाशकाला येणारा जादा खर्च जवळजवळ शून्य असतो. पाव भाजणाऱ्याला प्रत्येक पावामागे पीठ लागते, इथे तसे नाही. म्हणजेच खासगी महाविद्यालयांना वगळून देशाची कोणतीही साधनसंपत्ती वाचलेली नाही. वाचली आहे ती केवळ प्रकाशकाच्या मागणीची रक्कम. आणि ती तरी खरोखर वाचली काय? महाराष्ट्रात खासगी व्यावसायिक महाविद्यालयांची फी त्यांच्या खर्चाच्या आधारे शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते. महाविद्यालय स्वतंत्रपणे भरीत असलेली नियतकालिकांची वर्गणी ग्रंथालयाच्या खर्चात आणि तेथून विद्यार्थ्याच्या फीमध्ये उतरते. बोरिवलीच्या एखाद्या बँक-कर्मचाऱ्याने राष्ट्रीय वर्गणीसाठी कररूपाने पैसे द्यायचे, आणि मुलगा खासगी महाविद्यालयात असल्यामुळे फीच्या रूपाने तीच वर्गणी पुन्हा भरायची! त्याला हे दोन्ही हिशेब कोणी एकत्र मांडून दाखवीत नाही, एवढेच. दुसऱ्या टप्प्यात खासगी संस्थांचा विचार होईल असे सांगण्यात आले आहे. तो विचार करताना 'खासगी संस्थांनी आपला खर्च आपण करावा' हे उत्तर दिले जाण्याचा संभव आहे. ते उत्तर इमारतीच्या किंवा उपाहारगृहाच्या बाबतीत बरोबर ठरेल. ज्या वस्तूचा सीमान्त खर्च शून्य आहे तिच्या बाबतीत नाही.

मोजपट्टीची किंमत

वाचायला निबंध नाहीत. पण लिहिण्याची सक्ती मात्र सर्वांवर होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांनी अध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आणली आणि प्रसिद्ध झालेल्या निबंधांना त्यात गुण ठेवले. पीएच. डी. चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध प्रसिद्ध झालेला असलाच पाहिजे, ही अट २०२२ च्या नियमांनी निघेपर्यंत कायम होती. गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये एक गोष्ट दाखवून दिली होती: एखाद्या मापाला उद्दिष्टाचे रूप दिले की ते माप म्हणून निरुपयोगी होते. तो बोलत होता पतपुरवठ्याविषयी, पण भारतातील उच्च शिक्षणाइतके त्याच्या म्हणण्याचे ठसठशीत प्रत्यंतर क्वचितच कोठे आले असेल.

उपनगरातील अध्यापकाची स्थिती डोळ्यांसमोर आणावी. आठवड्याला ठरलेले तास, प्रात्यक्षिके, पेपर-तपासणी, मूल्यांकन समितीच्या फायली. प्रकाशतंतूवर प्रयोग करायचा तर लेसर, प्रकाशवर्धक, तंतू जोडणारे यंत्र, प्रतिसेकंद अब्जावधी चिन्हे तपासणारी उपकरणे लागतात. त्यांची किंमत महाविद्यालयाच्या एका विभागाच्या अनेक वर्षांच्या तरतुदीएवढी. मग उरतो संगणकावरचा आभासी प्रयोग. विकतच्या आज्ञावलीत तंतूची लांबी बदलायची, वेग बदलायचा, आलेख काढायचा आणि निबंध तयार. अशा निबंधाला नामांकित नियतकालिक दारातही उभे करणार नाही. पण त्याला दार उघडून देणारे प्रकाशक बाजारात उतरलेच. 'आंतरराष्ट्रीय' हे विशेषण, आठवड्याभरात स्वीकृती आणि काही हजार रुपये शुल्क, एवढ्यावर काम होऊ लागले. या अध्यापकांना सरसकट लबाड ठरविणे सोपे आहे. त्यांच्यापुढे ठेवलेला पर्याय पाहिला म्हणजे तसे म्हणवत नाही.

या बाजाराचा एक नीट धांडोळा महाराष्ट्रातूनच घेतला गेला, हे नमूद करण्याजोगे आहे. पुणे विद्यापीठाचे भूषण पटवर्धन, शुभदा नागरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्य यादीची चिकित्सा करून २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये ती प्रसिद्ध केली. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या, पण कोणत्याही प्रस्थापित सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी आयोगाने चार हजारांहून अधिक नावे यादीतून काढली आणि नव्या, चाळून घेतलेल्या 'केअर' यादीचे काम पुणे विद्यापीठाकडे आले. ती यादीही २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली. दर्जाचा निवाडा आता संस्थांनी स्वतः करावा, असे ठरले. खोटे नाणे खऱ्याला चलनातून हुसकावून लावते, हा ग्रेशॅमचा नियम येथे उलटा वाचला पाहिजे. नाणे तपासण्याचे काम टांकसाळीकडून काढून प्रत्येक दुकानदाराकडे दिले आहे, आणि बढती देणारा दुकानदार व बढती घेणारा गिऱ्हाईक एकाच छपराखाली बसतात.

न लिहिलेले निबंध

या सर्व गदारोळात जे निबंध लिहिलेच जात नाहीत, त्यांचा हिशेब कोठेच होत नाही. मुंबईच्या उपनगरांएवढी प्रकाशतंतूंची प्रत्यक्ष प्रयोगशाळा शोधून सापडणार नाही. रस्त्याखालून गेलेले तंतू दर वर्षी कोणत्या ना कोणत्या खोदकामात तुटतात. कधी पाण्याच्या नळासाठी, कधी मेट्रोसाठी, कधी दुसऱ्याच कंपनीच्या तंतूंसाठी. एका इमारतीच्या गच्चीवरून दुसऱ्या इमारतीच्या गच्चीवर टांगलेल्या तारा चार महिने पावसात भिजतात, वाऱ्याने हेलकावतात, उन्हाळ्यात तापतात. उंदीर कुरतडतात ते निराळेच. तुटलेल्या जागी घाईघाईने केलेल्या प्रत्येक सांध्यात थोडा प्रकाश गळतो आणि दहा वर्षांत एकाच तंतूवर असे किती सांधे पडतात, हे कोणी जाहीरपणे मांडलेले दिसत नाही. तंतूच्या एका टोकातून प्रकाशाचा ठोका सोडून परत येणाऱ्या क्षीण प्रतिध्वनीवरून बिघाडाची जागा काढणारे उपकरण अशा कामावरच्या तंत्रज्ञांच्या हाती असते. त्या उपकरणांतील नोंदी दुरुस्ती झाली की पुसल्या जातात.

पाच वर्षांच्या अशा नोंदी गोळा करून पावसाळी हवामानातील बिघाडांचे मान, सांध्यांची क्षीणता, पुरलेल्या व टांगलेल्या तारांची तुलना आणि दुरुस्तीचा खर्च मांडणारा अभ्यास घाटकोपर किंवा मालाडच्या महाविद्यालयातील एक अध्यापक आणि चार विद्यार्थी करू शकतील. त्याला कोट्यवधींची उपकरणे लागत नाहीत. ढाका, जकार्ता, लागोस अशा पावसाळी, दाट वस्तीच्या शहरांना तो उपयोगी पडेल आणि येथील महापालिकेलाही. मग तो लिहिला का जात नाही? विक्रमी वेगाच्या शर्यतीत धावणाऱ्या नियतकालिकांना त्यात नावीन्य दिसत नाही आणि बढतीच्या गुणपत्रिकेत 'स्थानिक' या शब्दाला गुण नाहीत. शिवाय दूरसंचार कंपन्या आपल्या नोंदी व्यापारी गुपित मानतात. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज येथे तंतूंचे उत्पादन होते. तेथील संशोधनही पेटंटांच्या वाटेनेच बाहेर येणार, हे स्वाभाविक आहे. कंपनीने निबंध लिहावेत अशी अपेक्षा कोणी धरणार नाही. सार्वजनिक रस्ता खोदण्याची परवानगी मागणाऱ्या कंपनीकडून बिघाडांची माहिती मागण्याचा अधिकार मात्र सार्वजनिक संस्थेला असायला हरकत नसावी. खोदकामाच्या परवान्यात रस्ता पूर्ववत करण्याची अट असते. तिच्या शेजारी ही दुसरी अट घालता येईल.

ज्ञान खुले करण्याचे दुसरे मार्ग नाहीत असे नव्हे. पवईतील रघुनाथ शेवगावकर यांची प्रकाशीय दळणवळणावरील व्याख्याने आय. आय. टीं.च्या राष्ट्रीय दूरशिक्षण कार्यक्रमातून कोणालाही विनामूल्य पाहता येतात आणि खासगी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना परीक्षेच्या आधी त्यांचाच आधार असतो. अभ्यासक्रमाची पातळी ओलांडून संशोधनाकडे वळायचे तर निबंधांना पर्याय नसतो, पण त्यासाठीही एक नियम पूर्वीच झालेला आहे. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान व जैवतंत्रज्ञान विभागांनी डिसेंबर २०१४ मध्ये असे धोरण जाहीर केले की त्यांच्या पैशातून झालेल्या संशोधनाचा स्वीकृत मसुदा लेखकाने सर्वांना खुल्या असलेल्या भांडारात ठेवावा. आय. ई. ई. ई. सह अनेक प्रकाशकांची असा मसुदा ठेवण्यास हरकत नसते. दीड लाखाचे शुल्क नाही, वर्गणी नाही. लेखकाने पंधरा मिनिटे खर्च करून मसुदा चढवायचा, एवढेच. या नियमाचे पालन तुरळक होते, कारण न पाळल्यास काही होत नाही. पुढचे अनुदान देताना मागील निबंधांचे मसुदे भांडारात आहेत काय, एवढे पाहिले तरी चित्र एका वर्षात बदलेल, आणि त्याला सहा हजार कोटींतील एक रुपयाही लागणार नाही.

वर्गणीचे करार २०२७ च्या अखेरीस पुन्हा वाटाघाटीला येतील. परदेशांतील विद्यापीठ-ग्रंथालयांच्या करारांत एक कलम सर्रास आढळते: ग्रंथालयात प्रत्यक्ष येऊन बसणाऱ्या बाहेरच्या वाचकालाही तेथील संगणकावर निबंध वाचता येतो. राष्ट्रीय करारात ते कलम स्पष्ट शब्दांत घालून घेतले आणि त्यात सामील असलेल्या प्रत्येक संस्थेला आठवड्यातून दोन दिवस तरी बाहेरच्यांसाठी दार उघडे ठेवणे बंधनकारक केले, तर दुसरा टप्पा येईपर्यंत कांदिवलीच्या विद्यार्थ्याला निदान पवईपर्यंतच्या बसभाड्यात 'लाइटवेव्ह टेक्नॉलॉजी'चा ताजा अंक पाहता येईल.